दाढ काढल्यानंतरचा आठवडा : खायचे काय, सोसायचे किती?

दंतवैद्याच्या खुर्चीत साधी दाढ निघायला बहुधा अर्धा तासही लागत नाही. प्रश्न सुरू होतात ते घरी आल्यावर. जीभ जड झालेली असते, ओठ जागेवर आहे की नाही ते कळत नाही, दातांखाली गॉझचा बोळा असतो आणि हातात सूचनांचा कागद. काय करू नये याची यादी त्या कागदावर भरपूर असते : थुंकू नका, चूळ भरू नका, गरम नको, कडक नको, तिखट नको. मग खायचे काय? तिथे कागद 'मऊ व थंड आहार' एवढ्या चार शब्दांत आटोपतो, नाहीतर सूप, कस्टर्ड, मिल्कशेक, मॅश केलेला बटाटा अशी परक्या स्वयंपाकघरातली नावे देतो. ज्या घरात संध्याकाळी भाकरी, आमटी आणि ठेचा होणार आहे, तिथे या यादीचा उपयोग काय? परिणाम ठरलेला असतो. पेशंट दोन दिवस चहात बुडवलेल्या बिस्किटांवर काढतो, रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतो, पोटात जळजळ होते, अशक्तपणा येतो आणि दोष दाढेला मिळतो.

यातला बराच त्रास टाळता येण्यासारखा आहे. दाढ काढल्यानंतरच्या बहुतेक सूचनांमागे दोन-तीनच कारणे असतात. ती एकदा समजली की कोणत्याही घरच्या ताटात त्यांचे उत्तर शोधता येते. इथे विचार मुख्यतः दाढ काढण्याचा केला आहे, कारण तोंडातल्या लहान शस्त्रक्रियांमध्ये तीच सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येते. रूट कॅनाल, बायॉप्सी, दात साफ करणे यांचे थोडक्यात वेगळे सांगितले आहे.

गुठळी : पथ्याचे मूळ

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खळगा उरतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून गुठळी होते. गुडघा खरचटल्यावर धरणाऱ्या खपलीचे जे काम, तेच या गुठळीचे. खालचे उघडे हाड आणि मज्जातंतूंची टोके ती झाकते आणि नव्या पेशींना आत शिरायला आधार देते. पहिल्या आठवड्यात तिच्या जागी लालसर, नाजूक, रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी ऊती येऊ लागते. तीन-चार आठवड्यांत वरून हिरडीचे आवरण जुळत येते. आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

गुडघ्यावरची खपली कोरडी राहते. तोंडातली गुठळी सतत लाळेत भिजलेली असते, तिच्याशेजारी जीभ वळवळत असते आणि दिवसातून तीन-चारदा तिथूनच जेवण जाते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस तिला जपावे लागते. गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा, तो तिच्यावर दाब राहावा म्हणून. थुंकायचे नाही, जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचे नाही, कारण तोंडात ओढ निर्माण झाली की गुठळी सुटू शकते. पहिल्या दिवशी गरम नको आणि बाहेरून शेकही नको, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते. वाकून ओझे उचलणे, शेतातले किंवा बांधकामावरचे जड काम एक-दोन दिवस टाळायचे, त्याचेही कारण हेच. रोजंदारीवर जाणाऱ्यांना ही सुट्टी महाग पडते. त्यामुळे दाढ काढण्याचा दिवस शक्यतो कामाच्या खाड्याला जोडून निवडावा.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. थेंबभर रक्त लाळेत मिसळले तरी पुष्कळ वाटते. लाळ थुंकण्याऐवजी गिळावी. एसटीने लांबचा प्रवास करून गावी परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खिडकीतून वारंवार थुंकल्याने थांबलेले रक्तही पुन्हा सुरू होते. खरेच रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉझची घडी ओली करून नेमकी खळग्यावर ठेवावी आणि अर्धा तास न उघडता चावून धरावी. दर दोन मिनिटांनी काढून पाहिले तर दाबाचा फायदा मिळत नाही. एवढे करूनही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

बधिरपणा उतरेपर्यंत

बधिर करण्यासाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. त्यासोबत ॲड्रिनलीन असते, त्यामुळे औषध जागेवर जास्त वेळ टिकते. दाताचा बधिरपणा लवकर उतरतो. ओठ, गाल आणि जीभ मात्र दोन ते चार तास, कधी त्याहूनही जास्त वेळ सुन्न राहतात.

या वेळात चावून खायचे नाही आणि गरम प्यायचे नाही. 'दाढ दुखत नाहीये, तोवर खाऊन घेतो' असे पुष्कळांना वाटते. पण गाल घासाबरोबर चावला गेला तरी त्या वेळी कळत नाही. चहाने टाळू भाजली तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर ही फारच जपायची गोष्ट आहे. त्यांना सुन्न ओठ गमतीचा वाटतो, ती तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून त्यावर पांढरट जखम दिसते. ती जखम पू झाल्यासारखी दिसते, पण बहुधा चावण्याचीच असते. मुलाला बधिरपणा उतरेपर्यंत मोठ्या माणसाने नजरेखाली ठेवावे.

पोटाचे मग काय? याचे उत्तर खुर्चीत बसण्याआधी द्यायचे असते. फक्त जागेवर इंजेक्शन देऊन दाढ काढायची असेल आणि डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितले नसेल, तर व्यवस्थित जेवून जावे. उपाशी पोटी, भेदरलेल्या मनाने खुर्चीत बसणाऱ्यालाच घेरी येण्याची शक्यता जास्त. पूर्ण भूल किंवा झोपेचे औषध देणार असतील तर उपाशी राहण्याचे नियम वेगळे असतात आणि ते काटेकोर पाळावे लागतात. बोळा काढल्यानंतर गार ताक किंवा दूध पेल्याने घोट घोट घेता येते.

तीन दिवसांचे ताट

मराठी स्वयंपाकघराला मऊ अन्न नवे नाही. आजारी माणसासाठी, बाळासाठी, म्हाताऱ्यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे शिजते, तेच इथे कामी येते. पहिल्या दिवशी अन्न गार किंवा कोमट, गुळगुळीत आणि न चावता गिळता येईल असे हवे. ताक, दही, गोड लस्सी, गार दूध, नाचणीची आंबील, गार केलेली तांदळाची पेज, कुस्करलेले केळे, पपईचा गर, बदाम-पिस्त्याचे तुकडे नसलेले आइस्क्रीम, असे बरेच काही चालते. शहाळ्याचे पाणी उत्तम, फक्त शहाळेवाल्याने लावून दिलेली नळी बाजूला ठेवून ते पेल्यात ओतून घ्यावे. आंबील तर या दिवसासाठीच जमून आल्यासारखी आहे : गार, दाटसर, न चावता गिळण्याजोगी आणि ताकामुळे पोषण वाढवणारी.

दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, साधे वरण आणि तूप, मेतकूट-भात, मुगाची आसट खिचडी, मऊ पिठले, रव्याची खीर, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली पोळी, उकडून कुस्करलेला बटाटा किंवा रताळे, मऊ हलवलेले अंडे, कुस्करलेले पनीर, वाफवलेली इडली असे वाढवत जावे. दुसऱ्या बाजूच्या दातांनी सावकाश चावावे. कोकणात-गोव्यात पेज आहेच. घाटावर भाकरी सुटत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दुधात किंवा कमी तिखट आमटीत चांगली भिजू द्यावी आणि लगदा करून खावी. कडक पापुद्रा मात्र काढून टाकावा. मासे खाणाऱ्यांनी काटा नसलेला मऊ तुकडा निवडावा.

आपल्या जेवणात खरी अडचण तिखटापेक्षा फोडणीची असते. मोहरी आणि जिरे, तसेच तीळ, खसखस, दाण्याचा जाडसर कूट, टोमॅटो-वांग्याच्या आणि पेरूच्या बिया हे सगळे त्या खळग्याच्या मापाचे असते. एखादा दाणा आत गेला की जीभ तिथे चाळा करत राहते, माणूस काडीने कोरायला जातो आणि गुठळी निसटते. यावर उपाय सोपा आहे : फोडणी घालण्याआधीच पेशंटसाठी वाटीभर वरण किंवा खिचडी बाजूला काढावी. हळद, हिंग, मीठ आणि तूप खुशाल असू द्यावे. उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे त्रासाचे ठरतात. त्याऐवजी साबुदाण्याची खीर, दही, केळे बरे. चिवडा, चकली, पापड, शेव, कडक टोस्ट, चिक्की हे आठवडाभर दूर ठेवावे, कारण त्यांच्या टोकदार कडा कोवळ्या हिरडीला लागतात. मिसळ आणि ठेचाही आठवडाभर थांबू शकतात. तिखटाने गुठळी हलत नाही, पण उघड्या जखमेची आग मात्र होते.

आता पोषणाचा मुद्दा. नुसत्या पेजेवर पोट भरते, पण जखम भरायला प्रथिने लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. हा आकडा न चावताही गाठता येतो. दोन पेले दुधातून सुमारे १३ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या आसट वरणातून १२, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९ आणि वाटीभर दह्यातून तीन-चार ग्रॅम मिळतात. अंडे न खाणाऱ्याने डाळ, पनीर आणि दही वाढवावे. पाणी भरपूर प्यावे. तोंड उघडायचा कंटाळा येतो म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि मग डोके दुखते, थकवा येतो.

ठणका आणि गोळ्या

बधिरपणा उतरताना ठणका सुरू होतो आणि पहिल्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि मग ओसरते. हा क्रम माहीत नसल्याने तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात सुजलेला गाल पाहून पुष्कळजण धसका घेतात. सूज वाढली पण ठणका कमी होतो आहे, असे असेल तर गाडी बहुधा ठीक चालली आहे. उलट तिसऱ्या दिवशी ठणकाच वाढला, तर डॉक्टरांना दाखवावे.

दाढेच्या दुखण्याचे औषधशास्त्रावर मोठे ऋण आहे. १९७६ मध्ये स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर या अमेरिकी संशोधकांनी दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर गोळ्यांची परिणामकारकता मोजण्याची पद्धत मांडली. निरोगी तरुण माणसे, एकाच प्रकारची जखम, ठरलेल्या वेळी सुरू होणारी वेदना यांमुळे अक्कलदाढ ही वेदनाशामकांची प्रयोगशाळाच बनली. आज घरोघरी असलेल्या कितीतरी गोळ्यांची पारख अक्कलदाढ काढलेल्या माणसांवर झाली आहे. म्हणून या वेदनेवर काय चालते, याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. जगभरातले प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात, खालची अक्कलदाढ काढल्यानंतर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरले आणि दोन्ही एकत्र दिल्यास आणखी बरे वाटते असे दिसले. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांसाठी आधी हीच औषधे वापरा, अफूजन्य गोळ्यांकडे सहसा वळू नका, असे सांगतात.

आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी पोटाला झोंबते, आणि ठणका नेमका तेव्हा सुरू होतो जेव्हा धड जेवता येत नाही. म्हणून जेवण आणि गोळी यांचा विचार एकत्र करावा लागतो. बधिरपणा उतरू लागताच पेलाभर दूध, वाटीभर दही किंवा कुस्करलेले केळे घेऊन पहिली गोळी घेतली, तर ठणका चढण्याआधीच आवरला जातो. असह्य झाल्यावर घेतलेल्या गोळीला काम करायला वेळ लागतो आणि तोवर माणूस दुसरी गोळी घेऊन बसतो.

आयबुप्रोफेन सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, वेदनाशामकाने दम लागणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना सांगून पॅरासिटामॉल किंवा दुसरा पर्याय घ्यावा. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळावीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडच्या अनेक गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल आधीच एकत्र असतात. तशी गोळी घेऊन वर तापाची म्हणून पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत वाढते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली नावे वाचण्याची सवय इथे उपयोगी पडते.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि तेवढाच वेळ विसावा द्यावा. याने किती फरक पडतो याबद्दल संशोधनांत एकमत नाही, पण बरे वाटते आणि अपाय नाही. झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. दोन दिवसांनंतर जबडा आखडला असेल तर कोमट शेक घ्यावा आणि तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम करावा. साधारणपणे आपलीच तीन बोटे उभी आत मावतील एवढे तोंड उघडते, त्या मापाकडे रोज थोडे थोडे जावे.

प्रतिजैविकांबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. साध्या दाढेनंतर प्रत्येकाला ती लागत नाहीत. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यानुसार, अक्कलदाढ काढलेल्या सुमारे १९ निरोगी माणसांना प्रतिजैविक दिले तर एकाचा जंतुसंसर्ग टळतो. उरलेल्या अठरा जणांना फायदा होत नाही, जुलाब-मळमळ मात्र होऊ शकते. म्हणून ती 'मागून' घेऊ नयेत. मात्र डॉक्टरांनी कारण पाहून लिहून दिली असतील तर मधेच सोडू नयेत.

ड्राय सॉकेट : तिसऱ्या दिवसाची कळ

गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निसटली की खळग्यातले हाड उघडे पडते. यालाच दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. अमेरिकेत क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. साध्या दाढांनंतर हे शंभरात एक ते पाच जणांना होते. खालच्या अक्कलदाढेनंतर प्रमाण बरेच वाढते. दोन-तीन दिवस बरे गेल्यावर अचानक खोल, सतत ठणकणारी कळ उठते, ती कानापर्यंत जाते, तोंडाला दुर्गंधी येते आणि गोळीने थातुरमातुर आराम पडतो. ताप किंवा मोठी सूज सहसा नसते.

अशी कळ घरी बसून सोसण्यात काहीच मिळत नाही. दंतवैद्य खळगा हलक्या हाताने धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात. त्यात बहुधा लवंगेतले युजेनॉल असते आणि पुष्कळांना त्याने लवकर आराम पडतो. याचा अर्थ घरच्या लवंगतेलाचा बोळा आत खुपसावा असा नाही. निखळ तेलाने कोवळी ऊती भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरण्याचा प्रकार तर निश्चित अपायकारक आहे, तिथली त्वचा पांढरी पडून सोलवटते. हळद दाबून भरली तर तिचे कण जखमेत परके म्हणून राहतात.

हे टाळण्यासाठी काय करावे? कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यानुसार क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या किंवा खळग्यात ठेवलेले त्याचे जेल यांनी ड्राय सॉकेटचे प्रमाण कमी होते. त्याहून स्वस्त आणि प्रत्येक घरात असणारा उपाय म्हणजे मीठपाणी. पहिले २४ तास सोडून, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवावे आणि मान कलती करून आपोआप पडू द्यावे. नायजेरियातल्या दंतवैद्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मीठपाण्याने त्रास घटला, आणि दिवसातून दोनदा केलेल्या गुळण्या सहा वेळा केलेल्या गुळण्यांइतक्याच उपयोगी ठरल्या. कामावर जाणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासत राहावे. दात घासणे बंद केल्याने जखम स्वच्छ राहत नाही, उलट जंतू वाढतात.

मशेरी, तंबाखू आणि चालत आलेल्या समजुती

महाराष्ट्रात या विषयाचा विचार तंबाखूशिवाय पुरा होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मशेरी आणि मळलेला तंबाखू मात्र घरोघरी आहेत. अनेक आयाबाया दात दुखतो म्हणूनच मशेरी लावायला सुरुवात करतात आणि दाढ काढल्यावर तीच मशेरी खळग्याशेजारी लावतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कण जखमेत अडकतात, थुंकण्याने गुठळी सुटते. विडी-सिगारेटच्या झुरक्याने हीच ओढ लागते आणि धूरही जखमेवर जातो. किमान तीन दिवस, जमले तर पूर्ण आठवडा हे बंद ठेवणे ही सर्वांत मोलाची काळजी आहे. तीन दिवस निघाले तर चौथाही काढता येतो. ज्यांना कायमचे सोडायचे आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे.

'वरची दाढ काढली की नजर जाते' या धास्तीपायी माणसे वर्षानुवर्षे किडलेली दाढ वागवतात. दृष्टीची नस आणि दाताची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाताच्या संवेदना त्रिशाखी मज्जातंतू वाहून नेतो, दृष्टीचा मज्जातंतू स्वतंत्रपणे मेंदूकडे जातो. साध्या दाढेने डोळे जात नाहीत. पू साचलेली दाढ तशीच ठेवली, तर मात्र तो संसर्ग चेहऱ्यात आणि गळ्यात पसरून जिवावर बेतू शकतो. 'भात, डाळ, आंबट खाल्ले की जखमेत पू होतो' या समजुतीनेही नुकसान होते, कारण त्यामुळे नेमके तेच मऊ आणि पौष्टिक अन्न बंद केले जाते. पू जंतूंमुळे होतो, वरणभाताने होत नाही. आंबटाने आग होत असेल तर ते दोन दिवस टाळावे, एवढेच.

ज्यांनी अधिक जपायचे

मधुमेह्यांच्या बाबतीत खाणे थांबवणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण झाले नाही, तर साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. सकाळची वेळ घ्यावी, जेवून जावे आणि त्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावा. नंतर लस्सी-आइस्क्रीमऐवजी ताक, दूध, आंबील, वरण यांवर भर द्यावा.

हृदयविकारासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. खळग्यातला रक्तस्राव दाबाने आणि टाक्याने आवरता येतो, हृदयात किंवा मेंदूत अडकलेली गाठ तशी आवरत नाही. गोळीचे नाव दंतवैद्याला सांगावे आणि निर्णय दोन्ही डॉक्टरांवर सोपवावा. हाडे ठिसूळ होण्यावर किंवा कर्करोगात झोलेड्रोनिक ॲसिड, ॲलेन्ड्रोनेट, डेनोसुमॅबसारखी औषधे घेणाऱ्यांमध्ये दाढ काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये याकडे पहिल्यांदा जगाचे लक्ष वेधले. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी ज्यांनी विकिरणाचे उपचार घेतले आहेत त्यांनाही हाच धोका असतो, मग त्याला कितीही वर्षे झालेली असोत. ही माहिती खुर्चीत बसण्याआधी सांगितलीच पाहिजे.

इतर लहान शस्त्रक्रियांचे थोडक्यात

रूट कॅनालनंतर खळगा नसतो, त्यामुळे गुठळीची चिंता नाही. पण तात्पुरते सिमेंट आणि पोखरलेला दात कडक घासाने फुटू शकतो. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चावू नये. चावताना दोन-चार दिवस दुखणे स्वाभाविक आहे. दात साफ केल्यानंतर काही दिवस गार-गरम झोंबते, ते आपोआप कमी होते. 'साफ केल्याने दात हलायला लागले' असे वाटते, कारण हाड झिजलेल्या दातांना दगडासारख्या किटणाने तोवर धरून ठेवलेले असते. हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर ब्रश लावू नये. तोंडातल्या चट्ट्याची बायॉप्सी केल्यानंतर आठवडाभर तिखट, मीठ आणि गरम यांची आग होते, तेव्हा दही, गार दूध, तूप-भात बरे. बायॉप्सीने कर्करोग पसरतो या भीतीने ती टाळू नये, उशिराने निदान होण्यात खरा धोका आहे. सुपारीमुळे तोंड आखडलेल्यांना तर घास घेणे आधीच अवघड असते, त्यांच्या पातळ आहाराची तयारी आधीपासून हवी.

कधी थांबायचे नाही

दाब देऊनही न थांबणारे रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी वेदना किंवा सूज, ताप, पू, दुसऱ्या दिवशीही ओठ-जिभेचा न उतरलेला बधिरपणा, यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी दंतवैद्याला भेटावे. गिळता न येणे, श्वास घ्यायला त्रास, जिभेखाली किंवा गळ्यात सूज ही लक्षणे असतील तर रात्र असो वा सुट्टी, मोठे रुग्णालय गाठावे.

हे ज्ञान कुठल्या मोठ्या खर्चाचे नाही, पण पेशंटपर्यंत पोचायला ते त्याच्या भाषेत आणि त्याच्या ताटाच्या हिशेबाने सांगावे लागते. सूचनांच्या कागदावर 'मऊ आहार' न लिहिता पहिल्या दिवशी आंबील-ताक-दही, दुसऱ्या दिवशी फोडणीआधीचे वरण आणि गुरगुट्या भात, असे तासांसकट आणि नावांसकट लिहिता येते. 'घरी स्वयंपाक कोण करते, रोज काय करतात?' हा प्रश्न विचारायला मिनिटभर लागते. तिसऱ्या दिवशी केलेला एक फोन ड्राय सॉकेटचा कितीतरी त्रास वाचवतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत दररोज कितीतरी खेडुतांच्या दाढा निघतात. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना चिमटा कसा धरावा हे शिकवतात, तितक्याच आस्थेने पेशंटशी त्याच्या पुढच्या जेवणाबद्दल बोलायलाही शिकवले पाहिजे. आणि पेशंटच्या घरच्यांनी दाढ काढण्याची तारीख ठरली की गॉझ, गोळ्या, मूगडाळ आणि दही आदल्या दिवशीच आणून ठेवावे.